पत्ता आपला, पेटी भाड्याची

मी बडोद्याहून बोलतोय. छोट्या संस्थांची संगणकाची कामं बघणं हा माझा गेल्या अठरा-एकोणीस वर्षांचा उद्योग. मराठी मंडळं, दोन पतसंस्था, एक शाळा, एक वृद्धाश्रम, मकरपुऱ्यातले काही कारखानदार. या सगळ्यांकडे वेबसाइट असते, हिशेबाचं सॉफ्टवेअर असतं आणि ईमेल असतं. वेबसाइट आठवडाभर बंद पडली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. ईमेल तासभर बंद पडलं की फोन येतो.

दर दोन-तीन महिन्यांनी मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "दर माणशी, दर महिन्याला पैसे भरतोय. त्यापेक्षा आपलाच मेल सर्व्हर टाकला तर?" विचारणारा बहुधा संस्थेच्या कार्यकारिणीत नव्याने आलेला, संगणकाची आवड असलेला, पैशाला जपणारा माणूस असतो. प्रश्न अजिबात वेडगळ नाही. आणि दुसऱ्या बाजूने तितक्याच आत्मविश्वासाने सांगणारेही भेटतात, की मोठ्या कंपनीला पैसे द्या आणि विसरून जा. तेही मला पटत नाही.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. पत्ता, म्हणजे डोमेन, संस्थेच्या मालकीचा ठेवा. पेटी भाड्याने घ्या. पेटीतल्या पत्रांची एक प्रत घरी ठेवा. आता हे असं का, ते सांगतो.

ईमेल ही इंटरनेटवरची फार जुनी आणि फार उदार गोष्ट आहे. पत्रं एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे कशी जावीत याचे नियम, ज्याला एसएमटीपी म्हणतात, ते जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहून काढले. त्याच चौकटीवर आजही काम चालतं. व्हॉट्सॲपवरून आपण व्हॉट्सॲपवाल्यालाच निरोप पाठवतो. ईमेलचं तसं नाही. तुमच्या माळ्यावरच्या जुन्या संगणकातून निघालेलं पत्र जगातल्या कुठल्याही पेटीत जाऊ शकतं, आणि त्यासाठी कुणाचा परवाना लागत नाही. सॉफ्टवेअरही फुकट आणि उत्तम दर्जाचं. पत्रांची ने-आण करायला पोस्टफिक्स, जे वित्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलं. पेट्या सांभाळायला डव्हकॉट. स्पॅम गाळायला आरस्पॅमडी. हे सगळं एकत्र बांधून देणारे मेलकाउ, मेल-इन-अ-बॉक्स असे तयार संचसुद्धा आहेत. शनिवारी दुपारी जेवून बसलात तर चहाच्या वेळेपर्यंत पहिलं पत्र येऊन पडतं. तेव्हा "हे फार अवघड असतं हो" असं सांगून तुम्हाला कुणी घाबरवत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. अवघड ते नाही.

पत्र स्वीकारणं तर खरंच सोपं आहे. तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये एमएक्स नावाची एक नोंद करायची: आमच्या पत्त्यावरची पत्रं या यंत्राकडे द्या. तुमचं यंत्र वीज गेल्यामुळे रात्रभर बंद राहिलं तरी सहसा पत्र हरवत नाही. पाठवणारा सर्व्हर थांबतो, पुन्हा प्रयत्न करतो, साधारण चार-पाच दिवस करत राहतो. जुन्या काळच्या लोकांनी हे फार समजूतदारपणे रचलं आहे. त्यांना नेटवर्क तुटतं हे माहीत होतं.

पाठवणं ही मात्र वेगळी जात. इथे नियम पाळून भागत नाही, समोरच्याचा विश्वास लागतो.

पहिला अडथळा घरातच. सर्व्हर-सर्व्हरमधली पत्रं पोर्ट २५ वरून जातात. घरगुती ब्रॉडबँडवर ते पोर्ट बऱ्याचदा बंद असतं. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक जोडण्यांना स्वतःचा असा आयपी पत्ताच नसतो. शेकडो घरं एकाच पत्त्याआडून बाहेर पडतात. म्हणजे माळ्यावरचा संगणक बाद. मग लोक भाड्याचा क्लाउड सर्व्हर घेतात. गूगल क्लाउडवर बाहेर जाणारं पोर्ट २५ मुळात बंद असतं, ॲमेझॉनवर अर्ज करून उघडून घ्यावं लागतं. ते त्यांनी उगाच केलेलं नाही. चोरीच्या कार्डावर सर्व्हर घ्यायचा, रात्रीत लाखो पत्रं सोडायची आणि पळून जायचं, हा धंदा वर्षानुवर्षं चालत आला आहे.

पुढची पायरी उलट्या नोंदीची. नावावरून आयपी पत्ता शोधणं हा डीएनएसचा नेहमीचा रस्ता. आयपीवरून नाव सापडणं हा उलटा, आणि ती नोंद तुमच्या हातात नसते. ज्याचा आयपी तो ती करून देतो. काही भाडेवाले पॅनेलमध्ये सोय देतात, काहींना पत्र लिहून मागावं लागतं. ही नोंद नसेल किंवा सरळ नावाशी जुळत नसेल, तर कित्येक मोठे सर्व्हर दारातूनच परत पाठवतात.

हे सगळं नीट झालं तरी उरतो तो आयपीचा लौकिक. चाळ बदनाम असली की नव्या भाडेकरूकडेही लोक त्याच नजरेने बघतात, तसं. तुम्हाला मिळालेला पत्ता आधी कुणी वापरला, शेजारच्या पत्त्यांवरून आत्ता कोण काय पाठवतंय, यावर तुमचं पत्र तोललं जातं. स्पॅमहाउस ही संस्था १९९८ पासून अशा याद्या ठेवते आणि जगभरचे सर्व्हर त्या तपासतात. यादीत काही वेळा एकटा पत्ता येतो, काही वेळा अख्खी ओळ. स्पॅमहाउससारख्या उघड यादीतून निदान अर्ज करून नाव काढता येतं. मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या खासगी हिशेबात तुमचे किती गुण आहेत, ते तुम्हाला दिसत नाही.

एक प्रसंग सांगतो. इथल्या एका शिक्षण-सहाय्य निधीचा. नाव सांगत नाही. त्यांच्या एका विश्वस्तांच्या मुलाने आपल्या हौसेने सर्व्हर उभा केला होता, आणि मी तो पाहिला आहे: काम चोख होतं. उलटी नोंद जुळत होती, सह्या होत्या, कूटबद्ध जोडणी होती, आयपी कुठल्याही उघड यादीत नव्हता. जून महिन्यात त्यांनी मुलाखतीसाठी ४१ मुलांना पत्रं पाठवली. लॉगमध्ये ४१ वेळा "२५० ओके". म्हणजे समोरच्या सर्व्हरने पत्र स्वीकारलं. मुलाखतीला आली २९ मुलं.

बाकीच्या बाराजणांना निधीच्या ताईंनी एकेक करून फोन लावले. दोघांनी दुसरीकडे सोय झाली म्हणून यायचं टाळलं होतं. दहाजणांची पत्रं स्पॅमच्या कप्प्यात पडून होती. निधीने दुसरी तारीख दिली, नऊजणांचं काम झालं. दहावी मुलगी दाहोदकडची. तिच्या कॉलेजची फी भरायची मुदत मधल्या चार दिवसांत संपली होती. मामाने उसने आणून भरले म्हणून प्रवेश टिकला. त्या कुटुंबाला ते कर्ज फेडायला किती दिवस लागले असतील, ते तुम्हीच बघा.

यात चूक कुणाची हे मी खूप शोधलं. सर्व्हर लावणाऱ्याची नाही. मुलीचीही नाही, सतरा-अठराव्या वर्षी कोण स्पॅमचा कप्पा बघतं? समोरच्या कंपनीच्या गाळणीला एका अनोळखी पत्त्यावरून, वर्षभर शांत असलेल्या सर्व्हरवरून, अचानक एका दिवसात ४१ सारखीच पत्रं आलेली दिसली आणि तिने सावधपणा केला. असा माझा अंदाज. अंदाजच म्हणतो, कारण खात्रीने कळायला मार्ग नाही. "२५० ओके" याचा अर्थ इतकाच की पोस्टमनने पाकीट घेतलं. ते पुढच्या खोलीत ठेवलं, की जिन्याखालच्या अडगळीत टाकलं, हे पाठवणाऱ्याला कधीच सांगितलं जात नाही. पत्र परत आलं असतं तर बरं झालं असतं. परत आलेलं पत्र दिसतं तरी.

गंमत बघा. गूगलकडे पाठवणाऱ्यांसाठी पोस्टमास्टर टूल्स नावाचं एक प्रगतिपुस्तक आहे. त्यात तुमच्या पत्रांना लोक किती वेळा स्पॅम म्हणाले ते दिसतं. पण रोजची पत्रं फार थोडी असली तर तिथे आकडे दाखवलेच जात नाहीत. म्हणजे दिवसाला लाख जाहिराती पाठवणाऱ्याला आपली पत दिसते, आणि वर्षातून चारदा सभासदांना सूचना पाठवणाऱ्या मंडळाला दिसत नाही.

आता सह्यांबद्दल, कारण हा शब्द मघाशी वापरला. १९८२ च्या नियमांत "पाठवणारा" या रकाण्यात कुणीही काहीही लिहू शकत होतं, पोस्टकार्डावर लिहावं तसं. ते सुधारण्यासाठी तीन गोष्टी आल्या. एसपीएफ: आमच्या नावाने पत्र पाठवायचा अधिकार कोणत्या यंत्रांना आहे, याची जाहीर यादी. डीकिम: पत्रावर सर्व्हरची गणिती सही, जी वाटेत मजकूर बदलला तर फुटते. डीमार्क: या दोन्हींपैकी एकही आमच्या नावाशी जुळलं नाही तर पत्राचं काय करा, ही सूचना. तिन्ही डीएनएसमध्ये लिहायच्या ओळी आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहूने हे सक्तीचं केलं. पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकिम हवं, उलटी नोंद हवी. जीमेलकडे दिवसाला ५००० किंवा जास्त पत्रं पाठवणाऱ्याकडे तिन्ही हवीत, जाहिरात असेल तर एका टिचकीत नाव कमी करायची सोय हवी. आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवा, असंही सांगितलं. आता ३०० सभासदांच्या मंडळाचा हिशेब करा. एका काकांनी वैतागून किंवा चुकून "स्पॅम" हे बटण दाबलं, की झाले ०.३३ टक्के.

मला हे नियम वाईट वाटत नाहीत. ते यायलाच हवे होते. फक्त त्यांचा भार लहानावर जास्त पडतो, इतकंच.

मंडळांच्या बाबतीत एक जागा विशेष दुखते, तिच्याकडे फार कुणी लक्ष देत नाही. ती म्हणजे पुढे पाठवणं, फॉरवर्डिंग. आपल्याकडे पद्धत अशी: मंडळाच्या डोमेनवर अध्यक्ष, सचिव, खजिनदार असे पत्ते उघडायचे आणि ते त्या त्या माणसाच्या खासगी जीमेलकडे वळवायचे. फुकटात काम झालं. पण काय होतं? बँकेने खजिनदारांना पत्र पाठवलं. ते तुमच्या सर्व्हरवर आलं आणि तिथून जीमेलकडे गेलं. जीमेल बघतं, की बँकेच्या नावाचं पत्र भलत्याच यंत्राकडून आलंय आणि बँकेच्या एसपीएफ यादीत हे यंत्र नाही. डीकिमची सही शाबूत असली तर वाचतं, नाहीतर अडकतं. त्याहून वाईट म्हणजे मंडळाच्या पत्त्यावर आलेला कचराही तुम्ही इमानेइतबारे जीमेलकडे पोचवत असता. जीमेलच्या लेखी तो कचरा पाठवणारे तुम्हीच. सहा महिन्यांत तुमच्या सर्व्हरचा लौकिक जातो, आणि मग वार्षिक सभेची सूचना कुणालाच मिळत नाही. मी पाहिलेल्या "आमची पत्रं पोचत नाहीत हो" या तक्रारींमध्ये निम्म्याहून अधिक ठिकाणी मूळ हे सापडलं. उपाय सोपा: फॉरवर्ड बंद करा. खजिनदारांना पेटी द्या आणि ती त्यांच्या फोनवर जोडून द्या.

आता सांभाळण्याचं. सर्व्हर म्हणजे गाय आहे. आणली की रोज बघावी लागते. लेट्स एनक्रिप्टचं प्रमाणपत्र ९० दिवसांनी बदलतं. ते आपोआप होतं, न होईपर्यंत. डिस्क भरते. कुणाचा तरी पासवर्ड फुटतो आणि रात्री दोन वाजता तुमच्या सर्व्हरवरून परदेशी लॉटरीची पत्रं सुटू लागतात. आणि सॉफ्टवेअरमध्ये भोकं सापडतात. २०२१ च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजमधल्या त्रुटी बाहेर आल्या, तेव्हा जगभरच्या संस्थांनी आपापल्या जागेत चालवलेले हजारो सर्व्हर फोडले गेले. त्याच कंपनीची क्लाउडमधली सेवा त्यातून वाचली. ज्यांनी दुरुस्ती लगेच लावली त्यांचा धोका कमी झाला. तुमच्या संस्थेत ती दुरुस्ती त्या दिवशी कोण लावणार होतं, हा प्रश्न स्वतःला विचारून बघा. नाव डोळ्यांसमोर येतं का?

बहुतेक ठिकाणी एकच नाव येतं, आणि खरी काळजी तीच. हौशी मुलगा सर्व्हर उभा करतो, दोन वर्षं उत्तम चालवतो, मग त्याला बेंगळुरूला नोकरी लागते. तो वाईट नाही, फोनही उचलतो. पण त्याला आता लग्न आहे, बाळ आहे, ऑफिसची रात्रपाळी आहे. पासवर्ड त्याच्या जुन्या लॅपटॉपमध्ये आहे. बृहन्महाराष्ट्रातल्या आपल्या संस्था स्वयंसेवकांवर चालतात. ग्रंथालयाची चावी एकाकडून दुसऱ्याकडे देता येते. सर्व्हरची चावी देण्यासाठी घेणाराही तयार असावा लागतो.

कायद्याचं थोडक्यात. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले. सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवा, आणि यंत्रणेचे लॉग १८० दिवस जपून ठेवा. ते ज्यांना लागू आहेत त्यांत सेवा देणारे, डेटा सेंटर, कंपन्या, सरकारी संस्था येतात. तुमची संस्था यात येते का हे सनदी लेखापालांना किंवा वकिलांना विचारा. आणि पेटी भाड्याने घेतली म्हणून सभासदांच्या माहितीची जबाबदारी संपत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात ती मूळ संस्थेवरच आहे.

इथपर्यंत ऐकून वाटेल, की हा गृहस्थ "पैसे भरा आणि झोपा" म्हणणार. थांबा.

२०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टची एक सही करायची किल्ली हल्लेखोरांच्या हाती लागली. तिच्या जोरावर त्यांनी सुमारे २५ संस्थांच्या ईमेल पेट्या उघडल्या. त्यात अमेरिकेचं परराष्ट्र खातंसुद्धा होतं. अमेरिकी सरकारच्याच चौकशी मंडळाने पुढच्या वर्षी अहवालात म्हटलं, की हे टाळता आलं असतं. म्हणजे मोठ्या घरात चोरी होत नाही असं नाही. फक्त तिथे चोवीस तास रखवालदार असतो, आणि तुमच्याकडे रविवारी सकाळी वेळ मिळाला तर.

आणि दुसरं उदाहरण तर आमच्या गुजरातचंच. जामनगरजवळ वाडीनारला नायरा एनर्जीचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. रशियाच्या रोझनेफ्टचा तिच्यात मोठा हिस्सा. २०२५ च्या जुलैमध्ये युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लावले आणि काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने तिची सेवा थांबवली. ईमेलसकट. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि महिनाअखेरीस सेवा पुन्हा चालू झाली. पैसे भरलेले होते. भारतात नोंदलेली कंपनी, भारतातला कारखाना, आणि भारताने तिच्यावर कुठलेही निर्बंध लावलेले नव्हते. त्या राजकारणात कोण बरोबर यात मी पडत नाही. माझ्यापुरता मुद्दा असा, की दुसऱ्याच्या घरातली पेटी बंद करायची कळ दुसऱ्याच्या हातात असते, आणि तिच्यावर कोणत्या देशाचा कायदा चालेल हे करार वाचून कळेलच असं नाही. नायराला उच्च न्यायालयात जाता आलं. आपल्या मंडळाला कोण उभं करणार?

फुकट खात्यांचं याहून अवघड. मंडळाचा सगळा कारभार कुणा एकाच्या नावाच्या जीमेलवर, आणि एके दिवशी ते खातं कुलूपबंद. दाद मागायला एक अर्ज भरायचा. पलीकडे माणूस आहे की यंत्र, ते कळत नाही. पैसे भरणाऱ्याला निदान तक्रारीचा क्रमांक मिळतो. म्हणून मी फुकट आणि पैशाचं यांत फरक करतो, आणि तो महत्त्वाचा मानतो.

मग काय करायचं? डोमेनपासून सुरू करा, कारण सगळं तिथे आहे. डोमेन तुमचं असेल तर पेटी कुठेही असो, एमएक्सची एक ओळ बदलली की काही तासांत नवी पत्रं दुसऱ्या घरी येऊ लागतात. सभासदांना पत्ता बदलल्याचं कळवावंही लागत नाही. पण "तुमचं" याचा अर्थ तपासा. आमच्या ओळखीच्या एका मंडळाला अमृतमहोत्सवाच्या वर्षी कळलं, की डोमेन वेबसाइट करून देणाऱ्याच्या स्वतःच्या नावावर नोंदलेलं आहे. तो धंदा बंद करून गेलेला. नूतनीकरणाची आठवण जिथे जाते तो ईमेल पत्ताही त्याचाच. मंडळाने शेवटी नवं डोमेन घेतलं, निमंत्रणपत्रिका पुन्हा छापल्या. जुन्या पत्त्यावर अजूनही कुणी तरी देणगीची चौकशी करत असेल आणि ती कुठे जाते, देव जाणे.

तेव्हा नोंदणी संस्थेच्या नावावर, पैसे संस्थेच्या खात्यातून, पाच-सात वर्षांचे एकदम. डोमेनच्या खात्याचा संपर्क ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. दार आतून बंद झालं तर किल्ली आतच राहील. दोन पदाधिकाऱ्यांकडे प्रवेश असू दे आणि कार्यवृत्तात तशी नोंद करा. हे काम तांत्रिक नाही, कारकुनी आहे, म्हणून ते राहून जातं.

पेटीसाठी कुणाकडे जायचं हा तुमच्या खिशाचा आणि मर्जीचा प्रश्न. गूगल, मायक्रोसॉफ्ट आहेत. आपल्याकडचे झोहो, रेडिफ आहेत. केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांची ईमेल व्यवस्थाही झोहोच्या मंचावर नेली आहे, तेव्हा "देशी म्हणजे कच्चं" हा जुना समज सोडायला हरकत नाही. दर बदलत असतात, म्हणून मी सांगत नाही. तुम्ही एवढं करा: पेट्या कमी ठेवा. २० पदाधिकाऱ्यांना २० पेट्या लागत नाहीत. सचिव, खजिनदार, कार्यालय अशा तीन-चार पुरतात. पत्ता पदाचा असावा, माणसाचा नको. माणूस बदलला की पासवर्ड बदलायचा आणि मागची सगळी पत्रं नव्याच्या हाती. समजा माणशी महिन्याला १०० रुपये पडले, तर चार पेट्यांचे वर्षाचे ४८०० झाले. स्वतःचा सर्व्हर घेतला तर त्याचं भाडंच बहुधा याच्या आसपास जातं, राखणाऱ्याचा वेळ वेगळा.

आणि प्रत. आयमॅप नावाची जुनी, मोकळी पद्धत आहे, तिच्यामुळे पेटीतली सगळी पत्रं आपल्या संगणकावर उतरवून घेता येतात. थंडरबर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर. उद्या पेटीवाल्याने कुलूप लावलं, दर तिप्पट केले किंवा दुकान बंद केलं, तरी २०१२ साली हॉलच्या भाडेकराराबद्दल झालेला पत्रव्यवहार तुमच्या कपाटात असेल. आयमॅप न देणारा पुरवठादार घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

स्वतःचा सर्व्हर कुणी चालवावा? ज्याला त्यात रस आहे त्याने, आणि स्वतःसाठी. शिकायला याच्यासारखी शाळा नाही. डीएनएस मला पुस्तकाने जितकं शिकवलं त्याहून जास्त पोस्टफिक्सच्या लॉगने शिकवलं. ज्या विद्यापीठाकडे, बँकेकडे पगारी माणसं आहेत त्यांनी चालवावा. अधला मार्गही आहे: पत्रं स्वीकारायला आपला सर्व्हर, पाठवायला पैसे देऊन घेतलेली रवानगी सेवा. अवघड भाग त्यांच्या लौकिकावर सोडायचा आणि पेटी आपल्या घरात ठेवायची. ज्यांच्याकडे गोपनीय कागद येतात अशा एका कारखानदाराकडे मी तसंच केलं आहे.

एक हौसेचं कारण मला मात्र मनापासून पटतं. देवनागरी पत्ता. आपलं .भारत हे डोमेन २०१४ मध्ये खुलं झालं, आणि पत्त्यात देवनागरी अक्षरं चालवण्याचा नियम त्याच्याही आधी, २०१२ पासून आहे. जीमेल असे पत्ते ओळखतं, त्यांना पत्र पाठवतं, पण तिथे तसा पत्ता उघडता येत नाही. पोस्टफिक्समध्ये ही सोय २०१५ पासून आहे. मी माझ्या नावाचा असा एक पत्ता चालवतो. रेल्वेपासून वीजबिलापर्यंत कुठल्या अर्जात तो चालेल याची अपेक्षा ठेवू नका. पण मित्राचं पत्र "ॲट" च्या दोन्ही बाजूंना मराठी लिहून येतं तेव्हा बरं वाटतं.

आता जाता जाता एक काम देतो, आज रात्रीच करून बघा. संस्थेच्या पत्त्यावरून स्वतःच्या जीमेलला एक पत्र पाठवा. संगणकावर ते उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांवर जाऊन "शो ओरिजिनल" निवडा. वर एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क अशा तीन ओळी दिसतील आणि प्रत्येकीपुढे "पास" असायला हवं. एखादी ओळ नसेल किंवा "फेल" असेल, तर तुमच्या पुरवठादाराला त्याचं चित्र पाठवा. हे दुरुस्त करून देणं त्याचं काम आहे, त्याचेच पैसे तो घेतो. दुसरं, डोमेन कुणाच्या नावावर आहे आणि कधी संपतंय ते बघा. तारीख या वर्षातली निघाली तर मला प्रश्न विचारण्याआधी खजिनदारांना फोन करा.

हं, आता प्रश्न घेऊ. ग्वाल्हेरहून कुणी तरी हात वर केलाय.